बोटीवरून लिहिलेलं पत्र: देणगीचा पैसा कशावर खर्च करायचा, यावर बाबासाहेबांनी ठक्कर बाप्पांना काय कळवलं होतं?

निवडणूक जवळ आली की हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे वह्यावाटप, चष्मेवाटप, शिलाई मशीनवाटप. दुसरी म्हणजे त्या वाटपाचे फोटो, मोठ्या फ्लेक्सवर आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर. खाली एखाद्या प्रतिष्ठानाचं नाव असतं आणि वर इच्छुक उमेदवाराचा हसरा चेहरा. हे समाजकार्य म्हणायचं की प्रचार, यावर मग गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस वाद चालतो.

हा वाद नवा नाही. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनला जाताना बोटीवर बसून याच विषयावर एक सविस्तर पत्र लिहिलं होतं. पत्र होतं अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर यांना, म्हणजे ठक्कर बाप्पांना. अस्पृश्यांसाठी गोळा होणारा निधी नेमका कशावर खर्च व्हावा, तो कोणाच्या हातून खर्च व्हावा आणि कशावर खर्च होऊ नये, हे बाबासाहेबांनी त्यात मुद्देसूद मांडलं होतं.

त्या पत्रात काय होतं, पुढे त्याचं काय झालं आणि स्वतःच्या चळवळीतल्या पैशाबद्दल बाबासाहेबांची पत्रं काय सांगतात, ते या लेखात पाहू.

थोडक्यात माहिती

पत्र कोणाचं: डॉ. बाबासाहेब आंबेडकर
पत्र कोणाला: अ. वि. ठक्कर, सरचिटणीस, अखिल भारतीय अस्पृश्यताविरोधी लीग (पुढे हरिजन सेवक संघ)
तारीख: १४ नोव्हेंबर १९३२
कुठून: 'व्हिक्टोरिया' बोटीवरून, पोर्ट सैद
विषय: लीगने आपला निधी आणि कार्यकर्ते कोणत्या कामाला लावावेत
लोकांसमोर कधी आलं: १९४५ साली बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधीजींवर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात ते संपूर्ण छापलं

आधी १९३२ साल समजून घेऊ

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य वर्गाला स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते. त्याविरोधात गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केलं. देशभर खळबळ उडाली, वाटाघाटी झाल्या आणि २४ सप्टेंबरला पुणे करारावर सह्या झाल्या.

करारानुसार स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा आल्या. प्रांतिक कायदेमंडळांतल्या ७१ जागांच्या ऐवजी १४८ जागा मिळाल्या. पण मतदान संयुक्त मतदारसंघात होणार होतं. म्हणजे अस्पृश्यांच्या राखीव जागेवर कोण निवडून येणार, हे ठरवताना सवर्ण मतदारांचं वजन मोठं राहणार होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पैशाच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध येतो.

दुसऱ्याच दिवशी, २५ सप्टेंबरला, मुंबईत हिंदू पुढाऱ्यांच्या परिषदेने ठराव केला. यापुढे जन्मामुळे कोणालाही अस्पृश्य मानलं जाणार नाही आणि सार्वजनिक विहिरी, शाळा, रस्ते सर्वांना खुले राहतील, असं त्यात म्हटलं होतं. ठराव तर झाला. तो गावोगाव अमलात कोण आणणार?

त्यासाठी ३० सप्टेंबरला मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि अस्पृश्यताविरोधी लीग स्थापन करायचं ठरलं. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष झाले आणि ठक्कर बाप्पा सरचिटणीस. मध्यवर्ती मंडळात बाबासाहेबांनाही घेतलं होतं. हीच संस्था पुढे हरिजन सेवक संघ झाली.

ठक्कर बाप्पा हे बाबासाहेबांना अनोळखी नव्हते. भावनगरचे ठक्कर पेशाने इंजिनिअर. मुंबई महापालिकेची नोकरी सोडून १९१४ मध्ये ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. दाहोद भागात भिल्लांमध्ये त्यांनी मोठं काम उभं केलं. मुंबई सरकारने १९२८ मध्ये दलित आणि आदिवासी वर्गांच्या स्थितीची पाहणी करायला नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब आणि ठक्कर दोघेही होते. दलितांनी हक्क बजावायला सुरुवात केली की गाव त्यांच्यावर बहिष्कार टाकून त्यांना कसं नमवतं, हे त्या समितीच्या अहवालात नोंदलेलं आहे. म्हणजे खेड्यातलं वास्तव दोघांनाही ठाऊक होतं. मतभेद होता तो उपायाबद्दल.

पत्र लिहायची वेळ का आली?

तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३२ रोजी मुंबईहून निघाले. त्याच सुमारास लीगने आपली दिशा जाहीर केली होती. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, रस्ते, शाळा, स्मशानं, मंदिरं खुली करायची, पण त्यासाठी कोणतीही जबरदस्ती करायची नाही, फक्त शांतपणे मन वळवायचं, असं धोरण होतं. जातिसंस्था मोडणं आणि सहभोजन हे विषय लीगने आपल्या कार्यक्षेत्राबाहेर ठेवले होते.

पुढच्या काही वर्षांत लीगकडे मोठा निधी येणार, हे दिसत होतं. कार्यकर्त्यांची फौज उभी राहणार होती. त्या पैशाची दिशा ठरण्याआधी आपलं म्हणणं कळवावं म्हणून बाबासाहेबांनी बोटीवरच पत्र लिहायला घेतलं.

पत्रात नेमकं काय होतं?

पहिला मुद्दा: माणूस सुधारायचा की परिस्थिती?

पत्राची सुरुवातच एका मूलभूत प्रश्नाने होते. अस्पृश्यांच्या उद्धाराकडे पाहायचे दोन मार्ग आहेत, असं बाबासाहेब लिहितात. एक मार्ग मानतो की माणूस दुःखात आहे तो स्वतःच्या दोषांमुळे. म्हणून त्याला चांगल्या सवयी लावा, दारूबंदी करा, आखाडे काढा, सहकारी पतपेढ्या, वाचनालयं, शाळा उघडा.

दुसरा मार्ग मानतो की माणसाचं नशीब त्याच्या भोवतालची परिस्थिती ठरवते. ती परिस्थितीच अन्यायाची असेल तर एकट्यादुकट्याला सद्गुण शिकवून काय होणार? पहिल्या मार्गाने चार माणसं वर येतील, पण सगळा वर्ग आहे तिथेच राहील.

बाबासाहेबांचं मत स्पष्ट होतं. लीगने दुसरा मार्ग धरावा आणि आपली शक्ती शंभर चांगल्या कामांत वाटून टाकू नये. एक लक्षात घ्या, हे सांगणारा माणूस शिक्षणाच्या विरोधात मुळीच नव्हता. शिक्षणासाठी आयुष्य घालवलेला माणूस हे लिहीत होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की अस्पृश्यता हटवण्यासाठी जमवलेला पैसा आधी अस्पृश्यतेवर खर्च व्हावा.

दुसरा मुद्दा: गावातल्या हक्कांसाठी मोहीम

निधीतून पहिलं काम कोणतं व्हावं? बाबासाहेबांनी यादीच दिली. गावच्या विहिरीवर पाणी भरणं, गावच्या शाळेत प्रवेश, चावडीत जाणं, सार्वजनिक वाहनांचा वापर. या साध्या नागरी हक्कांसाठी देशभर मोहीम उघडावी.

असं केलं तर गावोगाव संघर्ष होईल, डोकी फुटतील, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. पण संघर्ष टाळून हे होणारच नाही, असं त्यांना वाटत होतं. गावकऱ्याला आपली वहिवाट बदलावीच लागेल अशी वेळ आल्याशिवाय तो विचार करायला बसत नाही. यासाठी त्यांनी दाखले दिले महाडच्या चवदार तळ्याचे, नाशिकच्या काळाराम मंदिराचे आणि मलबारमधल्या गुरुवायूर मंदिराचे. वर्षानुवर्षं प्रवचनं देऊन जे झालं नसतं ते या लढ्यांनी थोड्या दिवसांत केलं, असा त्यांचा दावा होता.

यासाठी पैसा कशाला लागणार? खेड्यात राहून दलितांना हक्क बजावण्याचं बळ देणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी, आणि त्यातून खटले उभे राहिले तर ते शेवटपर्यंत लढवण्यासाठी. विहिरीवर पाणी भरलं म्हणून एखाद्याचं काम सुटलं, त्याच्यावर फिर्याद झाली, तर लीग त्याच्या मागे उभी राहिली पाहिजे. निधीचा हा उपयोग बाबासाहेबांना सगळ्यात आधी हवा होता.

तिसरा मुद्दा: रोजगाराची दारं

दुसरं काम समान संधीचं. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण विणकाम खात्यात त्यांना घेत नसत. या खात्यात पगार जास्त असे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्यात विटाळ वाटे. रेल्वेतही तेच. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून रूळ दुरुस्त करू शके, पण पोर्टर होणं अवघड, कारण स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरची कामंही करून घेत.

ही बंदी कायद्यात कुठेच लिहिलेली नव्हती. म्हणून ती मोडायला लोकांचं मत बदलणारी आणि मालकांवर दबाव आणणारी संघटना लागणार होती. लीगने हे काम घ्यावं, असं त्यांनी सुचवलं. लीगचे अध्यक्ष स्वतः मोठे उद्योगपती होते, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे.

चौथा मुद्दा: घराचं दार

तिसरं काम पैशाचं कमी आणि मनाचं जास्त. सवर्णांनी अस्पृश्यांना आपल्या घरात पाहुणा म्हणून किंवा कामाला माणूस म्हणून घ्यावं. एकमेकांच्या घरी येणं-जाणं सुरू झालं तरच किळस जाईल. दोन समाज नुसत्या कायद्याने एकत्र राहत नाहीत, मतदारसंघ संयुक्त केल्याने तर नाहीच नाही, असं त्यांनी बजावलं. एकत्र ठेवेल ते प्रेम. आणि घराबाहेरच्या जगात प्रेम उगवायला आधी न्याय असावा लागतो. पुणे कराराला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हाचं हे लिखाण आहे.

पाचवा मुद्दा: हे काम कोणाच्या हाती द्यायचं?

शेवटचा मुद्दा सगळ्यात नाजूक होता. लीगचे पगारी कार्यकर्ते कोण असावेत? टॉलस्टॉयचा हवाला देत बाबासाहेब म्हणतात की ज्याला प्रेम आहे तोच सेवा करू शकतो. त्यामुळे अस्पृश्य वर्गातल्याच माणसांना प्राधान्य द्यावं.

आपल्या लोकांची भलामण करून ते थांबले नाहीत. समाजसेवा हा शेवटचा आसरा म्हणून धरणारे लबाड अस्पृश्यांमध्येही आहेत, हे त्यांनी मान्य केलं. तरीही ज्याच्या पायात काटा रुतलाय तो काटा काढताना जास्त मनापासून काम करेल, असा त्यांचा रोख होता.

पत्राचं पुढे काय झालं?

उत्तर आलं नाही. पत्र पोचल्याची साधी पोचही मिळाली नाही, असं बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवलं. पत्रातल्या सूचनाही लीगने घेतल्या नाहीत. थोड्याच काळात त्यांचा या संस्थेशी संबंध संपला.

संस्थेचं काम मात्र वाढलं. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून हरिजन यात्रा सुरू केली. सुमारे नऊ महिन्यांत साडेबारा हजार मैलांचा प्रवास झाला आणि सुमारे आठ लाख रुपये जमले. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. या पैशातून शाळा, वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, औषधपाणी, वेगळ्या विहिरी अशी कामं झाली.

आता पत्राशी ताडून पाहा. बाबासाहेबांनी जी कामं दुय्यम मानली होती, त्यांच्यावरच निधीचा भर पडला. गावच्या सामाईक विहिरीवर हक्क मिळवून देण्यापेक्षा वेगळी विहीर खणून देणं सोपं होतं. वेगळ्या विहिरीने तहान भागते, पण सामाईक विहिरीवरची बंदी तशीच राहते.

दुसरी बाजू: गांधीजी आणि संघाचं म्हणणं

ही बाजू न सांगता पुढे गेलो तर लेख एकांगी होईल. संघाच्या कारभारात अस्पृश्यांचे प्रतिनिधी का नाहीत, असा प्रश्न गांधीजींना त्या काळात अनेकदा विचारला गेला. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. अस्पृश्यता हे सवर्णांचं पाप आहे आणि संघ हे त्यांच्या प्रायश्चित्ताचं साधन आहे. देणेकरी सवर्ण आहेत, तेव्हा कर्ज फेडायची व्यवस्था त्यांनीच करायची. अस्पृश्यांनी सल्लागार मंडळं नेमावीत, फेड नीट होते की नाही ते पाहावं, सूचना कराव्यात.

जबरदस्ती नको, यामागेही विचार होता. बळाने उघडलेलं मंदिर उद्या बळानेच बंद होईल, मन बदललं तर ते कायमचं उघडं राहील, अशी ती भूमिका. खेड्यात संघर्ष पेटला तर पहिला मार कोणाला बसेल, हा प्रश्नही खराच होता. संघाच्या शिष्यवृत्तीवर आणि वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलांची संख्या लहान नाही. त्या मुलांसाठी ती मदत म्हणजे आयुष्य बदलणारी गोष्ट होती.

बाबासाहेबांची हरकत या मदतीच्या रकमेला नव्हती. ज्याच्यासाठी पैसा आहे त्याला त्या पैशावर काहीच अधिकार नाही, ही त्यांची हरकत होती.

दानाचं राजकारण होतं ते कसं?

पत्र लिहून झाल्यावर तब्बल बारा-तेरा वर्षांनी, १९४५ साली, बाबासाहेबांनी ते छापलं. पुस्तकाच्या त्या प्रकरणात त्यांनी संघाच्या कामाला राजकीय दानधर्म म्हटलं. त्यांचा युक्तिवाद समजून घ्यायला वर सांगितलेली संयुक्त मतदारसंघाची गोष्ट आठवा.

राखीव जागेवर उमेदवार अस्पृश्य असणार, पण त्याला निवडून आणायला सवर्णांची मतं आणि पक्षाचं पाठबळ लागणार. आता त्याच पक्षाशी जोडलेली संस्था शिष्यवृत्ती देते, वसतिगृह चालवते, शिकलेल्या तरुणाला कार्यकर्ता म्हणून पगार देते. अशा तरुणाने उद्या त्या पक्षाविरुद्ध उभं राहायचं म्हटलं तर? त्याला कोणी धमकी द्यायची गरजच नाही, उपकाराचं ओझं पुरेसं असतं. स्वतंत्र राजकारण उभं राहण्याआधीच त्यातली कर्ती माणसं या ओझ्याखाली दबतात, असा बाबासाहेबांचा आरोप होता.

हा आरोप सगळ्यांना पटेल असं नाही. ठक्कर बाप्पांसारख्या माणसाने मतांचा हिशोब ठेवून काम केलं, असं त्यांचे टीकाकारही म्हणत नाहीत. पण देणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी व्यवस्था अशी असू शकते की घेणारा मिंधा होतो. पत्रातला पाचवा मुद्दा नेमका यावरच होता.

मग बाबासाहेब स्वतःच्या चळवळीत पैसा कसा हाताळत?

दुसऱ्याला हिशोब विचारणाऱ्याचा स्वतःचा हिशोब कसा होता, हे विचारायलाच हवं. त्यांच्या इतर पत्रव्यवहारातून त्याचा अंदाज येतो.

शाहू महाराजांना पत्र. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झालं, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पुढे लंडनमध्ये शिकताना बाबासाहेबांना पैसे कमी पडले. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी महाराजांना पत्र लिहून २०० पौंड मागितले, पण ते कर्ज म्हणून, परतफेडीच्या बोलीवर. सार्वजनिक कामाला मदत घेतली ती देणगी म्हणून, स्वतःच्या शिक्षणाला घेतली ती उसनी. दोन्ही खाती त्यांनी वेगळी ठेवली.

भाऊराव गायकवाडांना पत्रं. नाशिकचे दादासाहेब गायकवाड हे बाबासाहेबांचे जवळचे सहकारी. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, त्याची बरीच जबाबदारी त्यांच्यावर होती. दोघांमधली पत्रं अनेक वर्षांची आहेत आणि त्यात चळवळीचं रोजचं कामकाज दिसतं.

त्यातलं ३ मार्च १९३४ चं पत्र फार महत्त्वाचं आहे. येत्या रामनवमीला काळाराम मंदिराचा सत्याग्रह पुन्हा करावा का, असं गायकवाडांनी विचारलं होतं. बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवायला सांगितलं. मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा कधीच नव्हता, लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता, ते काम झालं, आता सगळी शक्ती शिक्षण आणि राजकारण यांच्याकडे वळवा, असा त्या उत्तराचा आशय होता.

दीड वर्षापूर्वी ठक्करांना लिहिताना ज्या नाशिकच्या लढ्याचा दाखला दिला, तोच लढा आता थांबवायला सांगितला. यात विसंगती वाटू शकते. पण दोन्ही पत्रांत प्रश्न एकच विचारला आहे: आपल्याकडे माणसं आणि पैसा मोजका आहे, तर तो आज कुठे लावला तर सगळ्यात जास्त फरक पडेल? ज्यांच्याकडे देणगीदारांची रांग नसते, त्यांना हा प्रश्न रोज सोडवावा लागतो.

पुढे ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाचे १७ उमेदवार उभे राहिले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. गायकवाडही मुंबई विधानसभेत गेले. काँग्रेसच्या तुलनेत पक्षाची तिजोरी रिकामीच होती. बळ होतं ते गावोगावच्या वर्गणीचं आणि कार्यकर्त्यांच्या पायपिटीचं.

मराठवाड्यात याचा संबंध कुठे येतो?

१९३२ साली आजचा नांदेड आणि लातूर परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ज्याला जुनी माणसं अजून वाढोणा म्हणतात ते हिमायतनगरही त्यातच. पुणे करार ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कायदेमंडळांपुरता होता. संस्थानातल्या दलितांना त्यातून एकही राखीव जागा मिळाली नाही. पैनगंगेच्या पलीकडचं उमरखेड वऱ्हाडात, म्हणून तिथे कराराचा लाभ, आणि अलीकडच्या काठावर वेठबिगार तशीच चालू.

संस्थानात बाबासाहेबांचा विचार पोचला तो सभा आणि परिषदांमधून. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मकरणपूरला झालेली परिषद त्यातली मोठी. भाऊसाहेब मोरे यांनी तिचं आयोजन केलं होतं.

शिक्षणसंस्था काढायची वेळ आली तेव्हा बाबासाहेबांनी कारभार स्वतः उभ्या केलेल्या संस्थेकडे ठेवला. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. ठक्करांना लिहिलेलं पत्र छापलं गेलं तेही याच वर्षी. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघालं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिथल्या इमारतीची कोनशिला बसली. आज आपण ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखतो. नांदेड, परभणी, बीडच्या खेड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन निघालेल्या कितीतरी मुलांनी मिलिंदच्या वसतिगृहात राहून पदवी घेतली. त्यांच्यातूनच पुढे लेखक, प्राध्यापक आणि नामांतराच्या लढ्याचे कार्यकर्ते निघाले.

इथे ठक्करांच्या पत्रातला पाचवा मुद्दा प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. शाळा-वसतिगृहांचंच काम, पण निर्णय घेणारे हात बदललेले.

आज कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंदणी करावी लागते. संस्थेने हिशोब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्त कार्यालयात द्यायचे असतात. गावातल्या एखाद्या प्रतिष्ठानाच्या कारभाराबद्दल शंका असेल तर तिथे रीतसर अर्ज करून नोंदी पाहता येतात.

राजकीय पक्षांना वीस हजार रुपयांच्या वरच्या देणग्यांची माहिती निवडणूक आयोगाला द्यावी लागते. देणगीदाराचं नाव लोकांपासून लपवणारी निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केली.

मत मिळवण्यासाठी मतदाराला पैसा किंवा वस्तू देणं हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण आहे. पण आचारसंहिता लागायच्या सहा महिने आधी प्रतिष्ठानाच्या नावाने वाटलेल्या वह्या यात आणणं अवघड जातं. दान आणि प्रचार यांच्यामधली रेष कायद्याला सगळीकडे आखता येत नाही.

पत्र फॉरवर्ड करण्याआधी

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर आला की बाबासाहेबांची 'दुर्मिळ पत्रं' फिरू लागतात. काही खरी असतात, काही कापलेली, काही सरळ बनावट. तीन गोष्टी तपासा. पत्राला तारीख आणि ज्याला लिहिलं त्याचं नाव आहे का? ते महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांत सापडतं का? त्यातल्या २१ व्या खंडात पत्रव्यवहार आहे. आणि तुमच्यापर्यंत आलेलं वाक्य अख्ख्या पत्रात वाचलं तर तोच अर्थ राहतो का?

ठक्करांच्या पत्राचंच बघा. 'शाळा, वाचनालयं नकोत' एवढाच तुकडा कापला तर बाबासाहेब शिक्षणाच्या विरोधात होते असं कोणीही भासवू शकेल. पूर्ण पत्र वाचलं की तो तुकडा कशाच्या संदर्भात आहे ते कळतं.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर वाटपाचा फोटो आला की त्या पत्रातले प्रश्न विचारून पाहा. या मदतीने गावातली कोणती अडवणूक संपली? पैसा कुठे जावा हे कोणी ठरवलं, आणि ठरवणाऱ्यांत घेणारा होता का? मदत घेतल्यावर त्याला देणाऱ्याच्या विरोधात बोलायची मोकळीक उरली का? उत्तरं मिळाली तर ग्रुपवरचा वाद दोन दिवस चालणार नाही.